श्टुटगार्टमध्ये दोघांचं बस्तान कसं बसवायचं

चाकण नाहीतर पिंपरीहून निघून जर्मनीतल्या श्टुटगार्टला पोचलेला मराठी इंजिनिअर आता कुणाला नवलाचा वाटत नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. २००४पासून इथे भारतीय चित्रपट महोत्सवही भरतो. त्यामुळे लोकल ट्रेनमध्ये शेजारच्या बाकावर मराठी ऐकू आलं तर दचकायचं नाही, फक्त त्यांच्याबद्दल काही बोलायच्या आत गप्प व्हायचं.

येताना होतं असं की, ज्याच्या हातात नोकरीचं पत्र आहे त्याची काळजी कंपनी घेते. त्याला पहिल्या दिवसापासून टेबल, ओळखपत्र, जेवायला सोबत मिळते. बरोबर आलेला जोडीदार भाड्याच्या घरात खिडकीपाशी बसून ट्राम मोजतो. आमच्याकडे ट्राम मोजणारी मी होते. त्यामुळे हा लेख त्या बाजूने लिहिला आहे. कागदपत्रं, घर, स्वयंपाक सगळं येईल, पण एक सूत्र धरून: जिथे दोन नावं घालता येतात तिथे दोन्ही घाला, आणि बाहेरची कामं एकट्याच्या गळ्यात टाकू नका.

निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी लग्नाचा दाखला. फोटोंचा अल्बम नव्हे, नोंदणी कार्यालयाचा दाखला, आणि त्यावरची दोघांची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळणारी. आपल्याकडे बाईच्या नावात वडिलांचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग बदललेलं किंवा न बदललेलं आडनाव अशी वळणं असतात. जर्मन कारकुनाला फक्त दोन रकाने माहीत असतात: नाव आणि आडनाव. पासपोर्टात पहिल्या रकान्यात 'स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव' असं एकत्र असेल, तर इथे ते सगळं तुमचंच नाव समजलं जातं. मला वर्षभर वडिलांच्या नावानं हाका मारणारी पत्रं येत होती. ते चालतं. दाखल्यावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर मात्र चालत नाही. ते पुण्यातच दुरुस्त करून घ्या.

दाखल्याचं जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं. दोघांच्या पदव्या, गुणपत्रिका, अनुभवाची पत्रं या सगळ्यांच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेत घ्या. जोडीदाराच्या तर नक्कीच. 'तिला कुठे लगेच नोकरी करायची आहे' म्हणून माझी अनुभवपत्रं माहेरच्या कपाटात राहिली, आणि सहा महिन्यांनी भावाला ती शोधायला लावताना आमच्या घरात जो संवाद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

नवऱ्याचं किंवा बायकोचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा वास्तव्य परवाना, असेल तर जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा सक्तीची नाही. म्हणून शिकायचंच नाही असा अर्थ बहुतेक जण काढतात. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा घरबसल्या पहिली पातळी, म्हणजे ए-वन, उरकून आलात तर पहिले तीन महिने निम्मे सोपे जातात.

घर: आधी तात्पुरतं, मग खरं

कायमचं घर भारतात बसून मिळेल ही आशा सोडा. घरमालक तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागतो आणि 'शूफा' नावाचा पतदाखला मागतो, आणि नव्या माणसाकडे दोन्ही नसतं. म्हणून आधी दोन-तीन महिन्यांसाठी सामानासकट मिळणारं घर घ्यावं. ते घेताना एकच प्रश्न पैसे देण्यापूर्वी लेखी विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासी नोंदणी, करता येईल का? 'नाही' आलं तर घर कितीही सुंदर असो, सोडून द्या. आणि घर न पाहता, 'मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरनं पाठवतो' म्हणणाऱ्याला अनामत पाठवू नका. तो फसवणुकीचा जुना धंदा आहे.

जाहिरातीत दोन भाडी दिसतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात गरम पाणी-तापवणी, कचरा, जिन्याचा दिवा वगैरे मिळवून आलेला आकडा. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळे. अनामत कायद्यानं काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाचं तोंड एवढंच असतं. ओटा, शेगडी, कपाटं आधीचा भाडेकरू घेऊन जातो किंवा तुम्हाला विकतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं चोरी झाली आहे.

शहराच्या मध्यात भाडी चढी आहेत. बोबलिंगन, एसलिंगन, लुडविग्जबुर्ग, लेओनबेर्ग या बाजूंना एस-बान लोकल थेट जाते, तिथेही शोधा. करारावर दोघांची नावं घालून घ्या. किल्ली घेताना ताब्याचा कागद बनतो, त्यात भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा लिहून घ्या आणि फोटो काढा. संकोच वाटेल, पण तुम्ही घर सोडताना घरमालक अजिबात संकोच करणार नाही.

नोंदणी आणि पत्रपेटी

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करायची असते. बुर्गरब्यूरो नावाच्या नागरी कार्यालयात दोघांनी जायचं. पासपोर्ट, घरमालकाचं 'हे इथे राहायला आले' असं सहीचं पत्र आणि लग्नाचा दाखला भाषांतरासह. दाखला विसरलात तर लग्नाची नोंद होत नाही, आणि मग कराच्या हिशेबात तुम्ही दोन अविवाहित माणसं ठरता. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. वेळ दिसत नसेल तर सकाळी लवकर पान पुन्हा उघडून पाहा, रद्द झालेल्या वेळा दिसतात.

अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलं तर बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, आयकराच्या आठ टक्के चर्च-कर लागतो. बाकीच्यांनी रकाना रिकामा सोडला तरी चालतं. वसईहून आलेल्या आमच्या एका मैत्रिणीनं हौसेनं भरला आणि पहिली पगारपावती पाहून चकित झाली. तिनं तो कर चालू ठेवला, पण माहीत असून देणं वेगळं.

आता पत्रपेटी. जर्मनीत सगळं महत्त्वाचं टपालानं येतं: बँकेचा पिन, विमा कार्ड, कर क्रमांक. इथे फ्लॅटला क्रमांक नसतो. पत्त्यावर फक्त रस्ता, इमारत आणि नाव. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो, आणि ते सापडलं नाही तर पत्र परत जातं. आम्ही हौसेनं नवऱ्याच्या आडनावाची छान छापील पट्टी लावली. मी माहेरचंच आडनाव ठेवलेलं. माझा कर क्रमांक, विमा कार्ड, भाषावर्गाचं पत्र, सगळं आलं तसं परत गेलं, आणि सहा आठवडे मी जर्मन कार्यालयांच्या संथपणाला नावं ठेवत बसले. किल्ली मिळाली त्याच संध्याकाळी पेटीवर आणि घंटीवर दोन्ही आडनावं लावा. कागदावर पेनानं लिहून चिकटपट्टी मारली तरी चालेल.

कर क्रमांक अकरा आकडी असतो, जन्मभर तोच राहतो, आणि नोंदणीनंतर काही आठवड्यांत प्रत्येकाला स्वतंत्र येतो. हरवला तर केंद्रीय कर कार्यालयाकडे पुन्हा मागता येतो, पण फोनवर सांगत नाहीत, पुन्हा टपालानंच. तो वेळेत कंपनीला दिला नाही तर पगार सहाव्या, म्हणजे सर्वांत जड करवर्गात कापला जातो. नंतर परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात ते अंगावर येतं.

करवर्ग, विमा, बँक

लग्नाची नोंद झाली की दोघांना आपोआप चौथा वर्ग मिळतो. एकटाच कमावत असेल तर तीन-पाच अशी जोडी मागून घेता येते. कमावणाऱ्याच्या हाती महिन्याला जास्त पैसे येतात. वर्षाचा एकूण कर मात्र एकत्र विवरणपत्र भरलं की दोन्हीकडे सारखाच होतो, आणि तीन-पाचमध्ये विवरणपत्र भरणं सक्तीचं असतं. दुसऱ्या जोडीदाराला नोकरी लागली की हा विषय पुन्हा काढा. पाचव्या वर्गात त्याची पगारपावती दयनीय दिसते, आणि बेकारी भत्ता किंवा बाळंतपणानंतरचा पालकभत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतो. बाळाचा विचार असेल तर वर्ग खूप आधी बदलावा लागतो.

आरोग्य विमा सार्वजनिक घ्यावा की खाजगी, यावर मराठी गटांत वाद कधी संपत नाहीत. माझं मत सरळ आहे: एकाच्या पगारावर येणाऱ्या जोडप्यानं सार्वजनिक घ्यावा. त्यात कमाई नसलेल्या जोडीदाराचा आणि मुलांचा विमा वेगळे पैसे न देता होतो. खाजगीत माणशी हप्ता असतो. तरुणपणी तो स्वस्त दिसतो, आणि तिथून सार्वजनिककडे परतणं अवघड, पंचावन्ननंतर जवळपास अशक्य.

त्याशिवाय एक विमा जरूर घ्या: हाफ्टप्फ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई. जोडप्याला एकच पुरतो, वर्षाचा खर्च थोडा. इमारतीच्या सामाईक कुलपाची किल्ली हरवली तर सगळ्यांची कुलपं बदलण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. विमा घेताना किल्ली त्यात धरली आहे ना, ते पाहा.

मग एक दिवस रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. घरी टीव्ही नाही म्हणून सुटका नाही. महिन्याला १८.३६ युरो, पण माणशी नव्हे, घरटी एकदाच. पत्र मात्र दोघांच्या नावे येतं. दुसऱ्यानं उत्तरात पहिल्याचा क्रमांक लिहून कळवावं, नाहीतर दोनदा पैसे जातील.

बँकेत संयुक्त खातं काढा, शिवाय जोडीदाराच्या नावे एक वेगळं. भाजीसाठी पैसे मागावे लागणं चाळीस वर्षांच्या बाईला पुण्यात सहन होत नाही, इथे का व्हावं? भारतातली बचत खाती नियमाप्रमाणे एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची रुपयांतली खाती, करून घ्यावी लागतात. तिथल्या मुदतठेवीचं व्याज जर्मन विवरणपत्रात दाखवायचं असतं. ते पहिल्या वर्षी तरी करसल्लागाराकडून करून घ्या.

वास्तव्य परवान्याचं कार्ड काढायला औसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालय, गाठावं लागतं. वेळ मिळायला महिने लागतात, म्हणून व्हिसा संपायची वाट न पाहता पोचल्या आठवड्यातच अर्ज टाका. वेळ लांबली तर तात्पुरता दाखला मागा. ब्लू कार्डधारकाला ए-वन जर्मनवर २७ महिन्यांत आणि बी-वन, म्हणजे तिसरी पातळी, असेल तर २१ महिन्यांत कायम परवाना मिळू शकतो, म्हणजे नोकरी करणाऱ्यानंही 'ऑफिसात इंग्रजी चालतं' म्हणून भाषा टाळू नये.

दुसऱ्याचा दिवस

जोडीदाराच्या परवान्यावर नोकरीची पूर्ण मुभा असते, ही गोष्ट कित्येकांना वर्षभर ठाऊकच नसते. कार्डावर लिहिलेलं वाचा. इंजिनिअर, हिशेबनीस, संगणकवाले यांना पदवीची सरकारी मान्यता लागत नाही. आनाबिन या संकेतस्थळावर आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधून छापून ठेवली की पुष्कळदा पुरतं. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फिजिओथेरपिस्ट, शाळेतले शिक्षक यांना मात्र मान्यतेशिवाय काम करता येत नाही. ती वाट लांब आहे, म्हणून पहिल्याच महिन्यात अर्ज करावा. छोट्या कामापासून सुरुवात करायची तर मिनीजॉब असतो. २०२६मध्ये त्याची मर्यादा महिना ६०३ युरो आहे, आणि तेवढ्यात राहिलं तर कौटुंबिक विमा तसाच चालू राहतो.

भाषेसाठी फोल्क्सहोखशूले, म्हणजे नगरपालिकांची प्रौढांसाठीची शाळा, सर्वांत बरी. वर्ग सकाळचा घ्या. उठून, आवरून, ट्राम पकडून कुठेतरी पोचायचं असतं, यातच अर्धा औषधोपचार आहे. माझ्या वर्गात सीरियाची एक शिंपीण होती, ब्राझीलचा एक आचारी होता. आमची सगळ्यांची जर्मन सारखीच मोडकी, त्यामुळे कुणी कुणाला हसत नसे. आठवड्यातली दोन कामं ठरवून माझ्याकडे घेतली: डॉक्टरची वेळ घेणं आणि घरमालकाशी बोलणं. नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त इंग्रजी येतं, पण घरमालकाला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे सहा महिन्यांत घरचा वकील मी झाले.

स्वयंपाक, कचरा, जिना

शेगडी काचेची सपाट असते. खोलगट कढई आणि आईनं दिलेला बाकदार तवा तिच्यावर झुलतो. सपाट बुडाचीच भांडी आणा. इंडक्शन असेल तर चुंबक चिकटतो का ते आधी पाहा. कुकर आणाच. शिटीला शेजारी पहिल्यांदा दचकतात, म्हणून मी वरच्या आजींना आधीच सांगून ठेवलं होतं.

भारतीय दुकानात आठवड्याला जाण्याची गरज नाही. कोथिंबीर, मेथी, भेंडी, डाळी आणि बादलीभर दही तुर्की दुकानात स्वस्त मिळतं. मसूर डाळ साध्या सुपरमार्केटातही असते. 'बुटरश्माल्ट्स' लिहिलेला डबा म्हणजे आपलं तूपच. पोहे, साबुदाणा, गूळ, चांगली कणीक यांच्यासाठी महिन्यातून एकदा भारतीय दुकान पुरे. फोडणीचा वास कोटांना लागतो, म्हणून कोट स्वयंपाकघरापासून लांब, बंद कपाटात.

वाफ कोंडली की भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक त्याचा खर्च मागतो. उपाय म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळू देणं, थंडीतसुद्धा. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी वाढते.

कचऱ्याचे डबे वेगळे: ओला, कागद, वेष्टनं, उरलेला. रंग गावागणिक बदलतात, म्हणून नगरपालिकेचं वेळापत्रक फ्रीजवर लावा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत, पण रविवारी नाही, खळखळाट होतो. रविवारी दुकानं बंद, आणि ड्रिल, व्हॅक्यूम, शेंगदाण्याचा कूट करणारा मिक्सर हे सगळं शनिवारीच उरकावं. पाण्याची प्लॅस्टिक बाटली फेकू नका: दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात.

आणि केअरवोखे. ही श्टुटगार्टभोवतीच्या श्वाबेन प्रांताची खास देणगी. आठवड्याला एका बिऱ्हाडाच्या दारावर पाटी लटकते, त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट, इमारतीपुढचा पदपथ झाडायची पाळी त्यांची. हिवाळ्यात त्यात बर्फ काढणंही आलं, तेही कामावर जाणारे बाहेर पडायच्या आत. श्टुटगार्ट महापालिकेनं ही सक्ती १९८८मध्ये काढून टाकली, पण भाडेकरारांत ती अजून ठाण मांडून बसली आहे. करार वाचा. जिना आधीच स्वच्छ असला तरी तो झाडताना दिसणं महत्त्वाचं, हे आम्हाला वरच्या आजींनी समजावलं. त्याच झाडण्यातून सगळ्या शेजाऱ्यांशी ओळख झाली. जिन्यात भेटलात तर 'ग्रूस गॉट' म्हणायचं. न बोलता गेलात तर लोक उद्धट समजतात.

दवाखाना आणि गाडी

आजारी पडायच्या आत घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, दोघांसाठी ठरवून ठेवा. बरेच जण नवे रुग्ण घेत नाहीत. रात्री-रविवारी ११६११७, जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०. औषधांचं दुकान रविवारी बंद असतं, पण पाळीचं दुकान कुठे ते प्रत्येक दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. साध्या तापाला डॉक्टर चहा आणि विश्रांती लिहून देतात. प्रतिजैविकांसाठी हट्ट करू नका.

भारतीय परवान्यावर सहा महिने गाडी चालवता येते, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते. ठरावीक तासांची सक्ती नसते, तरी दहा-पंधरा तास घ्याच. उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची सवय पुण्यातल्या माणसाला आपोआप लागत नाही. तोवर जर्मनी-तिकीट, जानेवारी २०२६पासून महिना ६३ युरो, देशभरच्या लोकल गाड्या, बस आणि ट्रामला चालतं. पुढचा महिना नको असेल तर दहा तारखेच्या आत रद्द करा.

पहिला हिवाळा

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. दोघांपैकी घरी असणाऱ्याला तो आधी आणि जास्त लागतो. दुपारी ऊन असो नसो, अर्धा तास बाहेर चालून यायचं, हे आम्ही नियमात घातलं. डॉक्टरांना 'ड' जीवनसत्त्व विचारून घ्या. घरच्यांशी बोलायची वेळही ठरवा: हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि त्या आठवड्यात आईचा फोन नेमका आपण मीटिंगमध्ये असताना येतो.

आईवडिलांना बोलवायचं तर मे-जून धरा. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यांचे पाय मोकळे होतात. त्यांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो, आणि त्यांचा खर्च तुम्ही उचलणार असाल तर हमीपत्र परदेशी नागरिक कार्यालयातून काढावं लागतं. त्याची वेळ जानेवारीतच घेऊन टाका. आम्ही पहिल्या वर्षी मार्चमध्ये मागितली, आणि आईबाबा आले तेव्हा पानगळ संपत आली होती.